भट्टीच्या भिंतीवरची गोल्टी

९ जानेवारी

लिफ्टवाले यांस,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यातच माझी अर्धी सकाळ गेली. तुमचं नाव मी आजवर तोंडाने घेतलेलं नाही. 'जावईबापू' म्हणायची सोय कोर्टाने काढून घेतली. 'महोदय' लिहून पाहिलं, तर पाणीपट्टीची तक्रार केल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी तुमच्या सासूबाई तुम्हाला पाठीमागे जे म्हणायच्या तेच लिहिलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्टवाले म्हणण्यात अपमान नाही, शिंप्याला शिंपी म्हणतात तसंच आहे ते.

फोन का केला नाही, असं मनात येईल. फोनवर मी ओरडतो. समोरच्याला वाटतं म्हातारा भांडतोय. कागदावर आवाज चढत नाही.

मुद्दा गोल्टीचा. गेल्या वसंतात फाटकापलीकडच्या वाफ्यात तुम्ही जे बी दाट फेकलंत, त्याचे बोटाच्या पेराएवढे कांदे उन्हाळा सरताना मी एकट्याने उपटले, वाळवले, पाती चोळून काढल्या. चार पिशव्या भरल्या, त्याच आपल्या जुन्या मच्छरदाणीच्या. आता मार्चमध्ये हीच गोल्टी पुन्हा मातीत जाईल तेव्हा कुठे खरा कांदा. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला मधून मधून स्वतःलाच सांगावं लागतं. नाहीतर एवढेसे कांदे राखत अख्खा हिवाळा बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटतो. वाफ्यावरचे निम्मे शेजारी या गोल्टीवर डोळा ठेवून आहेत. निवृत्त मास्तरीणबाई तर आत्तापासूनच मला पुढे होऊन नमस्कार करायला लागल्यात.

गोल्टी ठणठणीत आहे. एकही सडलेली नाही, एकीलाही कोंब नाही. यंदा तिची जागा मात्र बदलली आहे, काही कारणाने.

जागा बदलताना तुमची फळी हाताला लागली. म्हणून हे पत्र.

तुमच्या सासूबाईंची उजवी बाजू गेली आणि त्या दिवसभर छताकडे बघत पडून राहायला लागल्या, तो हिवाळा तुम्हाला आठवत असेल. मी त्यांना औषध द्यायचो, भरवायचो, कूस बदलून द्यायचो. त्यांना काम द्यावं हे काही माझ्या टाळक्यात आलं नाही. तुम्ही एका रविवारी फळी घेऊन आलात. तिला मधोमध कोटाच्या बटणाएवढं भोक पाडलेलं, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. म्हणालात, "आई, यातून जो खाली पडेल तो लावायचा, अडकेल तो स्वयंपाकात. मला नजरेने कळत नाही. तुम्ही बघाल का?" तुम्हाला नजरेने कळत होतं, मला माहीत आहे. मग डाव्या हाताने त्या रोज परातभर गोल्टी निवडायला लागल्या. मी गुपचूप एखादा टपोरा कांदा लावणीच्या ढिगात सरकवला की मला झापायच्या. शेवटचा हिवाळा त्यांचा मला झापण्यात गेला, रडण्यात गेला नाही. घरातल्या माणसाचे आभार मानायचे नसतात, म्हणून तेव्हा मी काही बोललो नाही. आता तुम्ही कागदोपत्री घरातले राहिला नाहीत, तर मानून घेतो. मनापासून आभार.

उत्तराची सक्ती नाही. पण एखादी ओळ आली तर लिहिलेलं चालतंय असं समजेन. नाही आली तर तुमचा-माझा संबंध इथपर्यंतच होता असं समजून गप्प बसेन. गप्प बसणं मला कितपत जमतं ते तुम्ही जाणता.

शिंपी

२३ जानेवारी

लिफ्टवाले,

तुमचं कार्ड मिळालं. मी वाट बघत नव्हतो असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला बोला. दिवसातून चार वेळा टपालपेटी उघडत होतो. आणि कार्ड सापडलं ते शिलाई मशीनवर, उलटं पडलेलं. मीच आणून ठेवलं असेन आणि विसरलो असेन. हल्ली डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतो.

कार्डावर दोन ओळी. पहिली, आभाराचं पुन्हा लिहू नका, संकोच वाटतो. बरं, नाही लिहिणार. दुसरी, पिशव्या भट्टीच्या भिंतीवर नाहीत का, मग कुठे आहेत? 'काही कारणाने' असं म्हणून मी पुढे सटकलो होतो. नुसत्या आवाजावरून लिफ्ट कुठे अडकली ते ओळखणारा माणूस तुम्ही, तुमच्या नजरेतून हे सुटणार कसं.

तर ऐका. ती घरी आली आहे. नोव्हेंबरपासून. नर्सांच्या वसतिगृहातली खोली गेली की तिनेच सोडली, मी विचारलं नाही. एक बॅग आणि एक उशी घेऊन दारात उभी राहिली. मी मागची खोली दिली. बेकरीच्या भट्टीची भिंत लागून असल्यामुळे घरात तेवढी एकच खोली ऊबदार आहे, आणि दिवसभर उभं राहून तिचे पाय दुखतात. आता त्याच भिंतीवर आपल्या पिशव्या. पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "बाबा, युनिफॉर्मला कांद्याचा वास येतो. पेशंट विचारतात, सिस्टर, जेवायला काय होतं?" मी त्याच दिवशी चारही पिशव्या उतरवल्या आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. तिथे गार आहे, पण पाणी गोठेल इतकं नाही. कोरडं आहे. मी रोज चाचपून बघतो. गारगोट्यांसारखी टणक आहे गोल्टी. काळजीचं कारण नाही.

तुम्हाला लिहितो हे तिला सांगितलेलं नाही. लपवलेलं नाही, तिने विचारलं नाही, एवढंच. तिची रात्रपाळी असली की ती दुपारी झोपते, तेव्हा मी लिहायला बसतो. तुमचं कार्ड अस्तराच्या कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवलं आहे. ती कशी आहे हे तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगत नाही. जेवते, झोपते, कामाला जाते.

शिंपी

५ फेब्रुवारी

लिफ्टवाले,

तुमचं मोठं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग जिन्याखाली जाऊन कपाटाचं दार उघडून नुसता उभा राहिलो.

मी आपला समजत होतो की गार जागा म्हणजे चांगली जागा. तुम्ही लिहिता की एक तर गोठायच्या बेताचं गार हवं, नाहीतर चांगलं ऊबदार; मधलं गार सगळ्यात वाईट. त्या मधल्या गारव्यात कांद्याला वाटतं, एक हिवाळा काढला, आपण मोठे झालो, आता फुलायला हरकत नाही. मग लावल्यावर पोसायचं सोडून तो मधोमध जाडजूड दांडा काढतो, वर पांढरा गोंडा आणि खाली कांदा म्हणायला काही नाही. डेंगळे आले म्हणतात ते हेच. एवढी वर्षं वाफ्यात दोन-चार डेंगळे मीही उपटून फेकले, पण ते का येतात हे कधी विचारलं नाही. टपोरी गोल्टी फुलते म्हणून फळीचं भोक लहान, हे ठाऊक होतं. गारव्याचं ठाऊक नव्हतं. गोल्टी भिंतीवर आहे ती केवळ घरात दुसरी खुंटी नाही म्हणून, असंच मला वाटायचं. आणि वाईट हे की वरून काही म्हणजे काही दिसत नाही. मी अडीच महिने रोज चाचपून स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

तुम्ही उपायही लिहिलात म्हणून जीव भांड्यात पडला. लावणीआधी दोन-तीन आठवडे पिशव्या पुन्हा भट्टीच्या भिंतीवर टांगायच्या. अंगाला ऊब लागली की फुलायचं खूळ डोक्यातून जातं. उपाय सोपा आहे, पण ती भिंत आता कोणाच्या उशाशी आहे?

भिंत मागायची तर कशाला हवी ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर कोणी सांगितलं हेही आलं. आणि ती म्हणाली, "बाबा, हे पत्रांचं बंद करा," तर मला बंद करावं लागेल. ती माझी मुलगी आहे. तुमच्या दोघांत काय बिनसलं ते मी तिला विचारलं नाही, तुम्हालाही विचारणार नाही. पण रडण्याचा आवाज त्या खोलीतून येतो आणि तो ऐकून मी मशीन चालू करतो, म्हणजे तिला वाटावं मला ऐकू येत नाही. तेव्हा तिचं म्हणणं मोडायची माझी टाप नाही.

खरं सांगू का, धास्ती गोल्टीची नाही. गोल्टी गेली तर बाजारात पोत्याने कांदे मिळतात, मास्तरीणबाईंचे नमस्कार बंद होतील एवढंच. तुमचं पत्र बाजारात मिळत नाही. बायको गेल्यावर माझ्याशी कांद्यावरून तासभर वाद घालणारा माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा भेटला नाही. तो जाऊ नये, असं वाटतं.

तेव्हा आधी दुसरी वाट शोधतो. बेकरीवाल्याला विचारून बघतो. भट्टी त्याची, भिंत काय, आतून काय आणि बाहेरून काय.

शिंपी

१० फेब्रुवारी

लिफ्टवाले,

आतून आणि बाहेरून यात बराच फरक असतो.

बेकरीवाल्याने मोठ्या मनाने भट्टीच्या माथ्यावर जागा दिली. मी आधी एकच पिशवी नेली, तेवढी अक्कल होती. दुसऱ्या दिवशी गेलो तर गोल्टी भाजून मऊ पडलेली, आणि तो दोन बोटांत धरून एकेक तोंडात टाकतोय. "काका," म्हणाला, "झकास झालीय. अजून आहे का?" त्याच्यावर काय रागावणार. त्याच्या लेखी ऊब म्हणजे ज्यात पाव भाजला जातो ती. मीही दोन खाल्ल्या. खरोखरच झकास झाली होती.

चारातल्या तीन उरल्या. लावणी जवळ आली. उगाच आणखी वाटा शोधण्यात अर्थ नाही, आज संध्याकाळी तिला विचारतो. हे पत्र विचारायच्या आधी पेटीत टाकतोय, म्हणजे शेपूट घालायला जागा राहणार नाही.

यापुढे माझं पत्र आलं नाही तर काय झालं ते समजून घ्या आणि राग मानू नका. तुम्ही या घराला पुष्कळ दिलंत. एकटे राहता, वेळेवर जेवत जा. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना गळ्याला काही गुंडाळून उतरत जा, तिथे वारं येतं असं तुम्हीच म्हणायचात.

शिंपी

१३ फेब्रुवारी

लिफ्टवाले,

विचारलं.

ती कामावरून आली होती, कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. माझ्या हातात उसवायला घेतलेली पँट. नुसत्या हातांनी असलं बोलणं मला जमत नाही.

"मागच्या भिंतीवर पिशव्या टांगाव्या लागतील," मी म्हणालो. "दोन-तीन आठवडे."

"का? कपाटात काय झालं?"

मी सगळं सांगितलं, मधला गारवा, फुलायचं खूळ, डेंगळे. तुम्ही लिहिलंय तसंच सांगितलं. तिथेच घोटाळा झाला असणार, कारण इतकं मुद्देसूद मी जन्मात कधी बोललेलो नाही.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"वाचलं कुठेतरी."

"कुठे?"

मी पँट उसवत राहिलो. नको ती शिवणसुद्धा उसवली.

"बाबा, त्याचं अक्षर मी नऊ वर्षं बघितलंय," ती म्हणाली. "सकाळी येताना पेटीतलं टपाल कोण घेऊन येतं? मशीनवर कार्ड आपोआप चालत आलं असं वाटलं का तुम्हाला?"

"वाचलंस?"

"उलटं ठेवलं होतं ना. तुमचं आहे ते, मी कशाला वाचू?"

म्हणजे पहिल्या कार्डापासून तिला ठाऊक होतं. मी दुपारी चोरासारखा लिहीत बसायचो आणि ती आत पडल्या पडल्या टाकाचा आवाज ऐकत असणार. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "तू म्हणशील तर बंद करतो. आजपासून."

तिने पाय पुसायला घेतले. एकेक बोट पुसत होती. मला वाटलं, आता संपलं. तुम्हाला शेवटचं काय लिहायचं तेही मनात जुळवायला लागलो होतो.

"माझं त्याच्याशी जमलं नाही," ती म्हणाली. "तुमचं जमलं. ते मी कशाला मोडू? आई गेल्यावर तुम्ही महिनाभर कोणाशी बोलत नव्हता. तो यायचा आणि तुम्ही त्याच्यावर खेकसायचात, तेव्हा मला बरं वाटायचं." मग टब बाजूला सारत, "पण त्याची खबर मला सांगायची नाही. आणि माझी त्याला नाही. एवढं पाळा."

"पाळतो," म्हणालो.

तेव्हा तिच्याबद्दलचं हे शेवटचं. आजपासून अट लागू.

पिशव्या मी उचलायच्या आत तिने उचलल्या. जुन्या खुंट्या मी पिशव्यांबरोबरच काढल्या होत्या, म्हणून पलंगावर उभी राहून नवे खिळे स्वतः ठोकले. मला फक्त हातोडी धरायला दिली, तीही ठोकून झाल्यावर. मी म्हणालो, "युनिफॉर्मला वास येईल." तर म्हणाली, "दोन-तीन आठवडे पेशंट नाक दाबतील, मरणार नाहीत कोणी. मी आहे ना तिथे."

लिफ्टवाले, ती मोठी भली मुलगी आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून ही खबर होत नाही.

शिंपी

१ मार्च

लिफ्टवाले,

पिशव्यांच्या बाजूची भिंत हात लावला तर गार पाण्यात बुडवावा लागेल एवढी गरम नाही, पण गाल टेकवला तर दूर करवत नाही, इतपत आहे. तुम्ही लिहिलं तसंच. गोल्टी हातात घेतली की सालं करकर वाजतात. दोन-तीन आठवडे होत आले, लावणीपर्यंत अजून दोन मिळतील, त्याने नुकसान नाही असं तुमचं म्हणणं. डेंगळे दोन-चार येतीलच हेही तुम्ही लिहिलंत, त्याला हरकत नाही.

पुढचं लिहितोय ती तिची खबर नाही, फळीची खबर आहे.

काल दुपारी गोल्टी निवडायला घेतली. फळी परातीवर ठेवली. समोर जी व्यक्ती बसली होती तिने विचारलं, "आईची ना ही? तुम्ही केली होती?"

"मी?" म्हटलं. "मला काज करता येतं. लाकडाला भोक पाडायला गेलो तर अंगठ्याला पडेल."

मग मी सांगितलं. त्या हिवाळ्यात त्या व्यक्तीची बदली दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात होती, महिन्यातून एकदा येणं व्हायचं. आई अंथरुणात बसून गोल्टी निवडते हे तिने बघितलं होतं. पण ते काम कोणी आणलं, फळी कोणी केली, 'मला नजरेने कळत नाही' असं कोण म्हणालं, हे घरात कोणी बोललंच नव्हतं. तुम्हीही नाही. नऊ वर्षांत तुम्ही ही गोष्ट तिला सांगितली नाहीत, याचा मला अचंबा वाटला. मग वाटलं, मी तरी कुठे सांगितली होती. चांगल्या गोष्टी सांगायच्या राहून जातात आणि भांडणं तेवढी शब्दन् शब्द पाठ राहतात, अशीच आपली सगळ्यांची रीत.

त्या व्यक्तीने फळी उचलली, भोकातून बोट फिरवलं. फळी परत परातीवर ठेवली आणि निवडायला सुरुवात केली. मी सवयीने एक टपोरा कांदा लावणीच्या ढिगात सरकवला. मान वर न करता तिने तो उचलून बाजूला टाकला. अगदी तश्शी. मग मी उठून चहाचं आधण ठेवलं, कारण मला तिथे बसवेना.

आता कामाचं. लावणी सोळा तारखेला, रविवारी. मी घरात विचारलं, "लावणीला त्यांना बोलावू का?" कॅलेंडरकडे बघत उत्तर आलं, "मी त्या दिवशी सकाळची ड्यूटी घेते." आमच्या घरात याला होकार म्हणतात.

रात्रभराचा प्रवास आहे. जिवावर येत असेल तर येऊ नका. दोरीचं एक टोक खुंटीला बांधून मी एकटाही लावीन. ओळी वाकड्या येतील, गुडघे कुरकुरतील, पण लावीन. आलात तर मात्र मला बरं वाटेल. 'बरं वाटेल' हे फारच तोकडं झालं, शिंपी असून मापात चुकलो. आलात तर मला फार, फार आनंद होईल.

शिंपी

१७ मार्च

लिफ्टवाले,

तुमची गाडी सुटून अजून पुरता दिवस झाला नाही आणि मी कागद पुढे ओढला. काल वाफ्यावर जे झालं ते तुम्ही बघितलंच. आपल्या सहा ओळी सरळ आल्या, मास्तरीणबाई आपल्या वाट्याची गोल्टी ओटीत घेऊन पळाल्या, आणि मी ज्या ज्या कांद्याला वर माती ओढली त्याची माती तुम्ही पुन्हा अर्धी काढलीत. शेंडा दिसला पाहिजे, म्हणे. यावर आपला तासभर वाद झाला. किती दिवसांनी माझा घसा असा बसला. आज सकाळी बेकरीवाला विचारत होता, "काका, सर्दी झाली का?" मी म्हटलं, नाही, पाहुणे आले होते.

तुम्ही जे बघितलं नाहीत ते लिहायला बसलो आहे.

एक म्हणजे दुपारचं जेवण. 'मी केलंय, गोड मानून घ्या' असं मी म्हणालो. मला काय येतं करायला? ती पहाटे उठून दोघांचं करून, झाकून, मग ड्यूटीवर गेली होती. "मी केलं असं सांगा," अशी तंबी देऊन गेली. तुम्ही पहिला घास घेतलात, क्षणभर थांबलात आणि मग दोनदा वाढून घेतलंत. तेव्हाच मला कळलं की तुम्हाला कळलंय. तरी मी आपला शेवटपर्यंत मीठ जरा जास्त झालं वगैरे बोलत राहिलो. माझ्यासारखा खोटं बोलणारा एखाद्याने पगार देऊन ठेवू नये.

तुम्हाला स्टेशनवर सोडून घरी आलो तर ती आलेली होती. बूट काढत होती. म्हटलं, आता ही विचारणार नाही आणि मी सांगायचं नाही, अट आहे. मी हात धुवायला गेलो.

"जेवून गेला का?" मागून आवाज आला.

"हो," म्हटलं. "काही उरलं नाही."

"बरं."

मी नळ बंद केला नाही. चेहरा तिच्याकडे वळवायचा नव्हता मला. डोळे भरून आले होते, सांगायला लाज कसली. तुमच्यासाठी आले, तिच्यासाठी आले, आणि हे ऐकायला जी बाई घरात नाही तिच्यासाठीही आले. मला वाटलं, या एवढ्याशा घराला तुम्ही दोघंही केवढी चांगली माणसं मिळालात, आणि एकमेकांना नाही लाभलात. यात कोणाचा काय दोष. मला मात्र दोघंही लाभलात. एवढं नशीब मी कुठून आणलं, माहीत नाही.

ती मागच्या खोलीत गेली. भिंतीवरचे तीन खिळे रिकामे होते, ते तिने उपटले नाहीत. पलंगावर बसूनच हाक मारली.

"बाबा, काढणी कधी?"

"जुलैत. पाती आडव्या पडल्या की."

"मग त्याला आत्ताच कळवून ठेवा. जुलैत त्याच्या ऑफिसात सगळ्यांनाच सुट्टी हवी असते, उशीर केला की मिळत नाही. मी त्या दिवशीही ड्यूटी घेईन."

मी दारात जाऊन उभा राहिलो. "ही तुझी खबर होते," म्हटलं. "त्यांना लिहू का?"

तिने उशी भिंतीला टेकवली, पाठ टेकवली, डोळे मिटले.

"लिहा," म्हणाली.

म्हणून लिहितोय. सुट्टीचा अर्ज उद्याच्या उद्या टाका.

शिंपी